शनिवारच्या सभेसाठी मेधाला पत्र

फोंडा, 1 फेब्रुवारी 2022

चि. मेधा हिस अनेक आशीर्वाद.

विधानसभेच्या प्रचाराच्या शनिवारच्या सभेची सगळी जबाबदारी तुझ्यावर आली, हे कळलं. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि धावपळीत ऐकलेलं विसरायला होतं, म्हणून लिहितो. हा कागद जवळ ठेव.

कोरोनामुळे प्रचारसभांना घातलेली माणसांची मर्यादा काल निवडणूक आयोगाने वाढवली. उघड्या मैदानावर 1,000 माणसं किंवा मैदानाच्या क्षमतेच्या निम्मी, यातला जो आकडा कमी असेल तो. बंद सभागृहात 500, घरोघरच्या प्रचाराला 20. रोड शो, पदयात्रा आणि मोटारसायकल रॅली 11 तारखेपर्यंत बंदच. तुझी मंडळी यातलं फक्त 'हजार' ऐकतील आणि हजार खुर्च्या मागवतील. तसं होऊ देऊ नकोस. मर्यादा माणसांची आहे, खुर्च्यांची नाही. स्टेजवरचे, स्वयंसेवक, माईकवाले, जनरेटरवाला, पत्रकार हे सगळे त्या हजारातच धर. त्यांच्यासाठी शंभर सोड आणि खुर्च्या नऊशेच्या आत ठेव.

मैदान फुटबॉलचं आहे, ते बरंच झालं. 105 बाय 68 मीटरचं असेल तर हिशेब असा बसतो. दोन खुर्च्यांत दोन मीटर अंतर. एका रांगेत 28 खुर्च्या, सात-सातचे चार भाग, मध्ये तीन मीटरच्या तीन वाटा. रुंदी 65 मीटर झाली. अशा 32 रांगा म्हणजे 64 मीटर लांबी, एकूण 896 खुर्च्या. उरलेल्या लांबीत स्टेज आणि त्याच्यापुढची मोकळी जागा आरामात मावते. खुर्चीची जागा मैदानावर चुन्याने आखून घे. नुसत्या मांडलेल्या खुर्च्या लोक ओळखीच्या माणसाजवळ ओढून घेतात आणि अर्ध्या तासात अंतर नाहीसं होतं. पायाखाली खूण दिसली की स्वयंसेवकाला खुर्ची परत जागेवर ठेवायला सांगता येतं, वाद होत नाही.

खरी गडबड गेटवर होते. पास बघणं, ताप मोजणं, हातावर सॅनिटायझर, मास्क नसेल तर देणं, यात माणसामागे दहा सेकंद जातात. एका गेटवर तासाला 360 माणसं आत जातील. नऊशेंना अडीच तास लागतील आणि बाहेर जी झुंबड उडेल ती मैदानातल्यापेक्षा दाट असेल. चार भागांना चार गेट ठेव, म्हणजे चाळीस मिनिटांत काम होतं. पासवर गेटचा नंबर मोठा छाप. साठीच्या पुढच्यांना वाटेकडेच्या खुर्च्या दे. पास संपले की गेट बंद, मग दारात सरपंच उभे असले तरी. मैदानाबाहेर मोठा पडदा लावायचा कोणी आग्रह धरेल, लावू नकोस. कुंपणाबाहेर जमलेली गर्दीही सभेचं चित्रीकरण करणारं आयोगाचं व्हिडिओ पथक तुझ्याच सभेत धरेल.

हे नियम कोणाला जाचक वाटले तर बंगालची आठवण दे. तिथे 2021 मध्ये आठ टप्प्यांत मतदान झालं. आयोगाने 500 ची मर्यादा घातली ती 22 एप्रिलला, सहाव्या टप्प्याच्या मतदानादिवशी. तोवर दुसरी लाट अंगावर आली होती.

परवानगीचा अर्ज 48 तास आधी आयोगाच्या 'सुविधा' या ऑनलाइन पोर्टलवर गेला पाहिजे. मैदान जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या यादीतलंच लागतं आणि पहिला अर्ज त्याला पहिली संधी, म्हणून आजच कर. रात्री आठनंतर प्रचाराला बंदी आहे. नेते त्या दिवशीची तिसरी सभा करून तुझ्याकडे येतील, म्हणजे उशीर धरूनच चाल. स्थानिक भाषणं पाचला सुरू कर, सव्वासहाला नेत्यांचं भाषण, सव्वासातला समारोप. मागचं गेट आधी उघडायचं, मागच्या रांगा आधी सोडायच्या. चहा-नाश्ता आत ठेवू नकोस. मास्क उतरतात ते खाताना, आणि टेबलाभोवती सगळे एकमेकांना खेटतात. बाहेर जाताना हातात बंद पाकीट आणि पाण्याची बाटली दे. हार, शाली, सेल्फी यांतलं काही नको. दोन माईक ठेव आणि प्रत्येक वक्त्यामागे फोमची टोपी बदल.

खर्च. गोव्यात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा यंदा 28 लाखांवर गेली. नेते स्टार प्रचारक, म्हणजे पक्षाने आयोगाला दिलेल्या यादीतले, असले तरी सूट फक्त त्यांच्या प्रवासखर्चाला. उमेदवार स्टेजवर बसला किंवा त्याचा फोटो बॅनरवर आला की मांडव, खुर्च्या, माईक सगळं त्याच्या खात्यात पडतं. तिघे उमेदवार असतील तर तिघांत समान वाटून. एका माणसाला किंवा दुकानाला पूर्ण निवडणुकीत रोखीने 10,000 रुपयांवर देता येत नाहीत, बाकी चेकने. पथक खुर्च्या, पंखे, बॅनर सगळं मोजून नेतं आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाने किंमत लावतं. तुझी नोंद त्याच्याशी जुळली पाहिजे, म्हणून खुर्च्यांची मोजणी पथकासोबतच कर. पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव आहे ना, ते छापण्याआधी बघ.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पूर्वी सभेला माणसं आणायची असत. आता 896 माणसं निवडायची आहेत. मतदारसंघात चाळीसेक बूथ धरले तर बूथमागे 22 पास येतात. ते पुढाऱ्यांच्या मागेपुढे फिरणाऱ्यांना वाटलेस तर सभा वाया गेली. बूथवर बसणारा, मतदारयादी तोंडपाठ असलेला, वाड्यावरच्या महिला मंडळातल्या दोघी-तिघी, दोन वर्षं धंदा बसलेला टॅक्सीवाला, पहिल्यांदा मत देणारी मुलगी, अशांना दे. बूथवर सातशे-सव्वासातशे मतदार असतात, म्हणजे पासधारकामागे 33. प्रचार 12 तारखेला संध्याकाळी सहाला थांबतो, तोवर सात दिवस. रोज पाच जणांशी बोलणं झालं तरी पूर्ण बूथ होतो. पासच्या मागे त्या 33 जणांचे यादीतले क्रमांक लिहून दे.

आणि नेत्यांना एक निरोप तुझ्याकडून जाऊ दे. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी घरांत गेल्या मे महिन्यात माणूस गेला आहे. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पहाटे ऑक्सिजन कमी पडल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या, हे कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे ढोलताशे नकोत. सुरुवातीला दोन मिनिटं शांत उभं राहा, मग बोला. त्या दिवसांबद्दल आपण काय करणार ते नेमकं सांगा: तालुक्याच्या इस्पितळात किती खाटा, ऑक्सिजनची सोय कुठे. पर्यटनावर पोट असलेल्यांचं कर्ज, खाण बंद असलेल्या गावांतली मुलं, हेही राहू नये. घोषणा मोठ्याने द्यायला लावू नका; हात वर करा म्हटलं तरी लोक साथ देतात.

तुझा स्वतःचा मास्क दर चार तासांनी बदल, आणि जेवण चुकवू नकोस. परवानगी हातात आली की त्याचा फोटो पाठव, तारीख-वेळ नीट तपासून देतो.

तुझे,
बाबा