आत्याच्या ऑपरेशनआधी

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुमचा बेत आईनं मला फोनवर सांगितला. आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली की मागच्या मागे तिची मांजरं एकेक करून ‘चांगल्या ठिकाणी’ सोडून यायची, म्हणजे ती परत येईपर्यंत घर मोकळं. बहिणीच्या काळजीपोटीच हे सुचलंय, त्याबद्दल मला शंका नाही. पण हे होणार नाही. का, ते फोनवर सांगायला गेलं की आपले दोघांचे आवाज चढतात आणि आई मध्ये सापडते, म्हणून लिहितेय.

मांजर सोडून येता येतं, पण ते तिथे राहत नाही. आपल्या जागेशी ते फार घट्ट बांधलेलं असतं. अनोळखी ठिकाणी सोडलं की एक तर जुन्या घराच्या दिशेनं निघतं आणि वाटेत रस्त्यावर संपतं, नाहीतर तिथल्या बोक्यांचा मार खात कुठेतरी लपून बसतं. आणि आत्याच्या अकरापैकी निम्मी आता म्हातारी आहेत. कुणी घरात नेऊन ठेवायला तयार झालं, तरी जागा बदलली, माणसं बदलली की कित्येक मांजरं खाणंच टाकतात. माणसाला दोन-तीन दिवसांचा उपास सोसतो, मांजराला सोसेलच असं नाही. पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि आठवडाभरात जिवावर बेतू शकतं. जाड मांजराला हा धोका सगळ्यात जास्त. ढब्बू तुम्ही पाहिलाय. त्याला ‘चांगल्या ठिकाणी’ सोडण्याचा अर्थ मी वेगळा सांगायला नको.

आई, तुझी भीती वेगळी आहे. वन्संच्या घरात रोगराई आहे आणि वहिनीला दिवस गेलेत, तिनं तिकडे पाऊलही टाकू नये, असं तू म्हणालीस. टॉक्सोप्लाझ्मा हा मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणारा जंतू खरा आहे, गरोदरपणात त्याची लागण पहिल्यांदा झाली तर बाळाला धोका असतो, हेही खरं. पण मांजराला त्याची लागण झाली की त्याच्या विष्ठेतून ते जंतू साधारणपणे एक ते तीन आठवडेच पडतात, आणि पडल्यावरही ते बाधक व्हायला किमान एक दिवस जातो. आत्या ट्रे दिवसातून दोनदा साफ करते. वहिनीनं ट्रेला हात लावायचा नाही, एवढं पाळलं की तिथे बसून गप्पा मारायला हरकत नाही. अर्धंकच्चं मांस आणि बागेतली माती यांची काळजी घ्यायला तिला जास्त सांग. मांजर चावलं तर मात्र थट्टा नाही. जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी थेट डॉक्टरांकडे जायचं. आत्यानं ती लस आधीच घेऊन ठेवली आहे.

बाबा, तुम्ही ‘वेड’ म्हणालात, म्हणून थोडं सविस्तर. असं वेड असतं. गरज नसलेल्या वस्तू साठवत जाण्याला २०१३ सालापासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत स्वतंत्र विकार म्हणून जागा आहे आणि प्राणी साठवणं हा त्याचाच एक प्रकार म्हणून तिथे नोंदलाय. गॅरी पॅट्रोनेक या पशुवैद्यकातल्या संशोधकानं १९९९ मध्ये त्याची जी लक्षणं मांडली, त्यात नुसती मोठी संख्या पुरत नाही. खाणं, स्वच्छता, औषधपाणी यांची किमान व्यवस्थाही नाही, प्राणी खंगताहेत, मरताहेत, आणि माणसाला ते दिसतच नाही, तेव्हा तो विकार. आता आत्याकडे बघा. चिमी पाणी जास्त पितेय हे तिला आपल्याआधी दिसलं, म्हणून मूत्रपिंडाचा आजार वेळेत कळला. भोपळ्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंबही पडत नाही, हे पाहून ती रात्रीच त्याला घेऊन गेली. शेजारीण म्हणत होती, बद्धकोष्ठ असेल, सकाळी बघा. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत तो जाऊ शकतो. तिनं सकाळची वाट पाहिली नाही. तिच्या घराला थोडा वास येतो, तो मी नाकारत नाही. माझ्या घराला पण येतो, आणि माझ्याकडे एकही मांजर नाही.

ती दिसेल ते पिल्लू उचलून आणते, हा तुमचा दुसरा आरोप. उलट आहे. एकटी सापडलेली पिल्लं लोक दया येऊन उचलतात आणि तिच्या दारात आणून ठेवतात, त्याचा तिला राग येतो. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, हे आजीच सांगायची ना? एकेक पिल्लू तोंडात धरून नेत असताना बाकीची मागे राहतात आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी पुण्य कमवायला येतं. आत्या आधी लांबून नजर ठेवते, पिल्लं गार पडलेली किंवा जखमी नसतील तर तासन् तास. आई आली नाही, तरच हात लावते.

आणि मग जे करते ते मी तिच्या शेजारी बसून पाहिलंय. गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजायचं नाही, आधी ऊब, मग दूध, कारण गार पोटात दूध पचत नाही. पाजायचं ते पालथं ठेवून. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. दूधही गाईचं नाही, मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी पावडर कोमट पाण्यात कालवून. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शी-शूही करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते, म्हणून आत्या ओल्या कापसानं पुसत बसते. जन्मताना जेमतेम शंभर ग्रॅमचा तो जीव, रोज दहाएक ग्रॅम वाढला पाहिजे. ती काट्यावर तोलून वहीत लिहिते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. सत्तरीच्या बाईनं हे करावं का, हा प्रश्न योग्य आहे. पण तो तिच्या गुडघ्यांबद्दलचा प्रश्न आहे, डोक्याबद्दलचा नाही.

फाटकाजवळच्या मांजरांचे कान कुणीतरी दुष्टपणानं कापलेत, असं तुम्ही मागे म्हणाला होतात. ते तिचंच काम. पिंजऱ्यात धरून, नसबंदी करून, परत जागेवर सोडलेल्या मांजराच्या एका कानाचं टोक भुलीत असतानाच कापतात, म्हणजे त्याला पुन्हा कुणी धरू नये. मांजरी चार-पाच महिन्यांची असताना गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा राहते. हा हिशोब तुम्हीच करा, तुमचा विषय आहे. घरात घेतलेल्या अकरांवर सगळ्यांची नजर जाते, पण न जन्मलेल्या मांजरांचं श्रेय तिला कोण देणार?

आता तुमच्या बाजूचं, कारण तिच्याशीही माझं वाजलंय. नवं मांजर आलं की किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, हा तिचाच नियम. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाचा विषाणू घरात वर्षभर तग धरू शकतो. मध्यंतरी एका बोक्यासाठी तिनं तो मोडला, ‘बिचारा एकटा रडत होता’ म्हणून. मी बरीच बोलले. शेवटी असं ठरलंय की ऑपरेशन होऊन ती नीट चालायला लागेपर्यंत नवं मांजर घरात नाही. बाहेरच्यांची नसबंदी करून बाहेरच सोडायचं. ‘पाऊस नसेल तर’ अशी पुस्ती तिनं जोडलीच.

दुसरं, ऑपरेशननंतर मांजरं खरोखरच अडचणीची आहेत. पायात घुटमळतात, आणि वॉकर धरून चालणारं माणूस त्यांना अडखळून पडलं तर सगळंच वाया. त्यांच्या तोंडातले जंतू जखमेवाटे नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात, म्हणून जखम भरेपर्यंत तिच्या पलंगावर एकही मांजर नाही, खोलीचं दार बंद. मी त्या काळात तिथेच राहून ऑफिसचं काम करणार आहे. ट्रे, औषधं, खाणं माझ्याकडे. आणि मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, तेही ठरलं. ताण पडला की सुटणारे पट्टे आणलेत, अकराही गळ्यांत घुंगरू, म्हणजे पायाशी कोण आलंय ते तिला ऐकू येईल. ढब्बूनं दोनदा काढून टाकलाय.

बाबा, तुमच्याकडून एक हवंय. आत्याच्या नोंदी तीन वह्या, कॅलेंडर आणि औषधांच्या खोक्यांवर पसरल्यात. त्यांचे फोटो मी पाठवते. तुम्ही प्रत्येक मांजराचं एक पान करा: अंदाजे वय, नसबंदी, लशींच्या तारखा, वजन, चालू औषध, काय चालत नाही. चिमीच्या पानावर किडनी लाल अक्षरात. सगळ्यांच्या पानावर वर लिहा की माणसांची पॅरासिटामॉल द्यायची नाही, एका गोळीनंही मांजर दगावू शकतं. शेवटच्या पानावर, आत्याला काही झालं तर कोणतं मांजर कुणाकडे जाईल, ते. ते तिला विचारूनच भरायचं, आणि विचारायचं तुम्ही. माझ्याशी ती त्यावर बोलत नाही, विषय बदलते. तुम्ही तिचे मोठे भाऊ आहात.

संध्याकाळी सात ते आठ फोन करू नका, तेव्हा चिमीला सलाइन चालू असतं आणि आत्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. रविवारी सकाळी करा.

तुमची,
सोनू