युरिक ॲसिड वाढलं की डाळच का बंद?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीत मागच्या महिन्यात फुल बॉडी चेकअपचा कॅम्प झाला आणि तेव्हापासून निम्म्या घरांत तुरीची डाळ बंद आहे. माझाही रिपोर्ट आला, युरिक ॲसिड ७.६ आणि पुढे लाल बाण. सांधा एकही दुखत नाही, पण बाण बघून बायकोने आमटी, पालक, टोमॅटो सगळंच बंद केलं, वर शेजारचे काका युरिक ॲसिड कमी करणाऱ्या त्यांच्या चालू गोळ्यांची अर्धी स्ट्रिप घेऊन आले, म्हणे घेऊन तर बघ!

फॅमिली डॉक्टरांनी आधी टेप काढून पोट मोजलं, बीपी बघितलं (१४४/९२ निघालं) आणि विचारलं, कोल्ड्रिंक किती पिता? मी गप्प, कारण दुपारचं एक ठरलेलं असतं. मग म्हणाले डाळीला कशाला बदनाम करता, साखरेतलं फ्रुक्टोज लिव्हरमध्ये मोडताना युरिक ॲसिड तयार होतं आणि पोट सुटून इन्सुलिन चढलं की किडनी ते नीट बाहेर टाकत नाही, म्हणून हा आकडा बहुतेक वेळा बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड्सच्या टोळक्यातच सापडतो. बीपीच्या काही गोळ्यांनीसुद्धा तो वाढतो, हे तर मला नवीनच होतं.

घरी येऊन थोडं वाचलं. अमेरिकेत ४७ हजार पुरुषांचा १२ वर्षं अभ्यास झाला, २००४ साली छापून आला, त्यात मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट (युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारा आजार) जास्त, पण प्युरिनवाल्या (ज्यातून शरीरात युरिक ॲसिड बनतं त्या घटकाच्या) भाज्या खाऊन धोका वाढला नाही आणि दूधदुभत्याने तर कमीच झाला. गोळीचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये गाऊट नसलेल्या पाच हजारांवर हार्ट पेशंटांपैकी निम्म्यांना ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारी गोळी) देऊन बघितलं, २०२२ मध्ये निकाल आला, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक काही कमी झाले नाहीत. ज्यांना गाऊट आहे त्यांना गोळी लागतेच, त्यांनी ती आपल्या मनाने सोडू नये, पण हीच गोळी क्वचित एखाद्याच्या अंगावर भयंकर रिॲक्शन आणते, ती काय वाटीभर साखरेसारखी शेजारी द्यायची वस्तू आहे का?

तुमच्या आरोग्य पुरवणीतही मध्ये 'काय टाळाल'ची यादी आली होती, त्यात डाळी पहिल्या नंबरवर आणि कोल्ड्रिंकचा पत्ताच नाही. ती यादी आमच्या लिफ्टमध्ये अजून चिकटवलेली आहे, तेव्हा दुरुस्ती छापा, मी स्वतः त्यावर नेऊन चिकटवतो.

– एक वाचक, नाशिक