तुझ्या वर्गात येणारा मुलगा

डोंबिवली,
रविवार

प्रिय सुनंदा,

तुझा मेसेज वाचून लगेच फोन उचलला होता, पण या विषयावर बोलताना माझा गळा दाटतो. म्हणून लिहितेय. तुझ्या पाचवीत मेंदूतल्या गाठीचे उपचार संपवून एक मुलगा येतोय आणि तू विचारलंस, ‘बरा झालाय ना, मग इतरांसारखंच वागवू ना?’ हाच प्रश्न माझ्या लेकीच्या, जाईच्या, शाळेत तेव्हा कुणी विचारला असता तर तिची दोन वर्षं वाचली असती गं.

जाईची गाठ लहान मेंदूत होती, मेडुलोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर. ऑपरेशननंतर सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, तीस वेळा रेडिएशन. सोबतच्या बायका ‘लाईट देणं’ म्हणायच्या. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, गार झालं की ते कडक होतं. रोज त्या मास्कने डोकं टेबलाला पक्कं करायचं आणि सगळ्यांनी बाहेर यायचं. सात वर्षांची पोर आत एकटी. मी माइकवरून पाढे म्हणायचे. बाहेर आली की गालांवर जाळीची नक्षी उमटलेली असायची, लोकल घाटकोपरला पोचेपर्यंत पुसायची नाही. आजही मला कुठे जाळी दिसली की ते गाल आठवतात.

संपूर्ण मेंदूला आणि मणक्याला 23.4 ग्रे (किरणांची मात्रा ग्रेमध्ये मोजतात), मग गाठीच्या जागी वाढवत 54 पर्यंत. त्या किरणांनीच तिला वाचवलं, हे मी रोज देवापुढे म्हणते. पण वाढत्या मेंदूला त्याची किंमत मोजावी लागते, आणि मूल जितकं लहान तितकी ती जास्त. आधी शिकलेलं पुसलं जात नाही, नवं शिकण्याचा वेग मंदावतो. म्हणून दुसरी-तिसरीत काही जाणवलं नाही आणि पाचवीत, धडे लांबल्यावर, एकदम मागे पडली. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. बाई म्हणायच्या, ‘आळशी झालीय.’ सुनंदा, तिला उत्तर येत असतं, फक्त ते ओठांवर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ तू त्या मुलाला दे. मनात दहा अंक मोज. पुढचा बाक दे, कारण औषधांमुळे आणि किरणांमुळे ऐकूही कमी येऊ शकतं. टिपणं आयती दे, वीस गणितांऐवजी आठ दे. परीक्षेत जादा वेळ मिळण्यासाठी त्याच्या पालकांना आत्ताच कागदपत्रांच्या मागे लाव.

शरीराचंही आहेच. रोज सकाळी थायरॉइडची गोळी, रात्री वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन. मणका कमी वाढतो, म्हणून तिला सलवार वयाची लागते आणि कुर्ता दोन वर्षं लहान मुलीचा. गणवेश शिवून घेतो. डोक्यामागे केस विरळच राहिलेत. टोपी घालू दे त्याला.

आमच्या शाळेत एका पालकाने मुलीचा बाक बदलून मागितला आणि तो बदललाही. कॅन्सर लागत नाही, बाहेरून दिलेली किरणंही अंगात साठून राहत नाहीत, हे वर्गाला तूच सांग. पण त्याला विचारून, आणि शक्यतो तो समोर नसताना.

आता खरी गोष्ट. टाटामध्ये 1991 पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक आहे, एसीटी नावाचं. तिथे फॉलोअपला गेलो असताना आम्हाला जीवनमानाची प्रश्नावली दिली. तेवीस प्रश्न, गेल्या महिनाभराचे: धावणं जड जातं का, भीती वाटते का, मुलं चिडवतात का, वर्गात लक्ष देणं जड जातं का. एक कागद मुलाचा, एक पालकाचा, वेगवेगळे बसून भरायचे. मी दमणं, धावणं, भीती, सगळीकडे त्रास ‘जवळजवळ नेहमी’ होतो अशा खुणा केल्या. तिने तिथे ‘कधीच नाही’ लिहिलं होतं! फक्त एका ओळीवर पेन दाबून खूण होती: इतर मुलांना माझ्याशी मैत्री करायची नसते.

मी तिच्या रक्ताच्या रिपोर्टांत बुडालेली, आणि तिचं दुखणं मधल्या सुट्टीतलं होतं. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी अंदाज बांधणं सोडलं, विचारते. तूही त्या मुलाला विचार, त्याच्या आईला नंतर. पीटीला ‘तू बस रे बाळा’ म्हणू नकोस. धावता आलं नाही तर पंच होऊ दे, गुण लिहू दे, पण मैदानावर असू दे.

जाई आता नववीत आहे. हे पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मावशीला सांग, डब्याला त्याच्याजवळ कोण बसणार ते पहिल्याच दिवशी ठरव.’

काही विचारायचं असेल तर नऊनंतर फोन कर. तोवर इंजेक्शन झालेलं असतं.

तुझीच,
वैशाली