गच्चीवरील शिड्यांची तपासणी कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा संपला की मुंबईतील गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये पाण्याच्या टाक्या धुणे, गच्चीची गळती शोधणे, रंगकामाची निविदा मागवणे अशी कामे एकापाठोपाठ निघतात. या प्रत्येक कामासाठी माणसे जिच्यावरून वर जातात ती टाकीला किंवा जिन्याच्या माथ्यावरील छपराला कायमची जोडलेली लोखंडी शिडी मात्र कोणाच्याच यादीत नसते. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलै महिन्यात द्यावे लागते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम 353-ब नुसार संरचनात्मक स्थैर्याची तपासणी करून घ्यावी लागते. या तपासणीचे जे अहवाल माझ्या वाचनात आले त्यांत खांब, तुळया, स्लॅब यांचे सविस्तर वर्णन होते. शिडीबद्दल फार तर ‘गंजली आहे, रंगवावी’ एवढेच.

याचे कारण बहुधा असे की ही शिडी कोणाला धोक्याची वाटत नाही. गच्चीपासून टाकीच्या माथ्यापर्यंतची उंची दहा-बारा फूट; तेवढ्यावरून पडून काय होणार, असा समज असतो. परंतु जुन्या इमारतींमध्ये टाकी पुष्कळदा इमारतीच्या कडेला, जिन्यावर किंवा लिफ्टच्या खोलीवर बांधलेली असते आणि शिडी तिच्या बाहेरच्या बाजूला, गच्चीच्या कठड्यापासून हातभर अंतरावर असते. कठडा साधारण कमरेच्या वर येतो. शिडीच्या पाचव्या-सहाव्या दांडीवर उभ्या असलेल्या माणसाचे पाय त्या कठड्याहून उंच असतात आणि त्याचा तोल गेला तर तो गच्चीवर पडेलच असे नाही, तो सरळ खालच्या रस्त्यावर जाऊ शकतो. म्हणून पडण्याची उंची शिडीच्या लांबीवरून मोजू नये. सात मजली इमारतीत ती सात मजल्यांची असू शकते. माझ्या मते पहिली सुधारणा हीच असायला हवी, की अशी शिडी काढून टाकीच्या आतल्या, म्हणजे गच्चीच्या मध्याकडील बाजूला बसवावी. रंगकामाच्या एकूण खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

दुसरा प्रश्न गंजाचा. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत साधे लोखंड टिकत नाही हे मुंबईकरांना सांगायला नको, पण गंज नेमका कुठे लपतो हे सांगायला हवे. बांधकामातून उरलेल्या सळ्या वाकवून त्या टाकीच्या भिंतीत रुतवायच्या आणि त्यालाच शिडी म्हणायचे, ही आपल्याकडची जुनी पद्धत. सळई भिंतीत शिरते तिथे पाणी साचून राहते, गंज फुगतो, काँक्रीटला तडे जातात आणि बाहेरून जाडजूड दिसणारी सळई मुळाशी झिजून निम्मी होते. त्यावर दर काही वर्षांनी ऑइलपेंटचा हात फिरवला की झीज आणखी झाकली जाते, शिवाय ओल्या पायाला दांडी अधिक निसरडी होते. रंगवण्याआधी प्रत्येक दांडीच्या मुळाशी आणि प्रत्येक वेल्डिंगच्या जोडावर रंग खरवडून, हातोडीने ठोकून पाहिलेच पाहिजे. नवी शिडी करायची तर ती आधी पूर्ण जोडून मगच गरम जस्तात बुडवून घ्यावी. जस्त चढवल्यानंतर जागेवर वेल्डिंग केले की नेमका तोच जोड उघडा पडतो. समुद्राजवळच्या इमारतींनी स्टेनलेस स्टील घेताना 304 ऐवजी 316 प्रतीचे घ्यावे, कारण त्यातील मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेत अधिक टिकते.

शिडीच्या मापांकडेही आपल्याकडे कोणी पाहत नाही. भारतीय मानक 3696 चा दुसरा भाग शिड्यांच्या सुरक्षिततेविषयीच आहे, पण सोसायटीच्या फॅब्रिकेटरने तो उघडून पाहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांनुसार दांडीच्या मागे किमान 7 इंच मोकळी जागा हवी आणि शिडीचे दोन्ही उभे गज वरच्या पृष्ठभागाच्या 42 इंच वर गेलेले हवेत. आपल्याकडे शिडी भिंतीला इतकी चिकटवलेली असते, किंवा तिच्या मागून पाण्याचे पाइप असे नेलेले असतात, की दांडीवर पायाची फक्त बोटेच टेकतात. उभे गज तर टाकीच्या काठाशीच संपतात. शिडी सोडून टाकीवर पाय टाकण्याचा आणि उतरताना पुन्हा शिडी धरण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा असतो आणि नेमक्या त्याच क्षणी हाताला धरायला काही नसते. माणूस मग झाकणाची कडी किंवा पीव्हीसीचा पाइप धरतो.

उंच इमारतींतील लांब शिड्यांभोवती गोल कड्यांचा पिंजरा लावून निश्चिंत होणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिंजरा पडणाऱ्याला थांबवत नाही. पडणारा माणूस पिंजऱ्याच्या आतल्या आत आपटत खाली येतो. म्हणूनच अमेरिकेत नोव्हेंबर 2018 पासून 24 फुटांहून उंच अशा नव्या कायमच्या शिड्यांवर पिंजरा पुरेसा मानला जात नाही. तिथे चढणाऱ्याच्या अंगावरील सुरक्षापट्ट्याला जोडून घेता येईल अशी, पडणाऱ्याला रोखणारी यंत्रणा सक्तीची आहे.

वापराचे नियम साधे आहेत. तोंड शिडीकडे असावे, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत, हत्यारे आणि बादली दोरीने वर ओढावी, एका वेळी एकानेच चढावे आणि पावसात कोणालाही वर पाठवू नये. मात्र हे नियम पाळण्याची जबाबदारी केवळ चढणाऱ्यावर टाकता येणार नाही. टाकी धुणारी मुले, प्लंबर आणि सोसायटीचा वॉचमन यांना ‘आज नको’ म्हणण्याची मुभा सहसा नसते. कमिटीने त्यांना कमरेचा दोर नव्हे, पूर्ण अंगाचा सुरक्षापट्टा द्यावा आणि तो अडकवण्यासाठी टाकीच्या माथ्यावर अभियंत्याकडून मजबूत कडी बसवून घ्यावी.

महापालिकेकडे माझी विनंती आहे की संरचनात्मक तपासणीच्या नमुन्यात कायमच्या शिड्यांसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा. तसेच हिवतापाचा डास टाक्यांतील स्वच्छ पाण्यात वाढत असल्याने कीटकनाशक विभागाचे कर्मचारी शहरभरच्या टाक्यांवर चढून पाहणी करतात. झाकणाबद्दल सोसायटीला नोटीस देताना त्यांनी शिडीची स्थितीही लिहावी, आणि शिडी धोकादायक असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत वर न चढण्याचा अधिकार त्यांना लेखी द्यावा.

आपला,
एक सेवानिवृत्त स्थापत्य अभियंता,
दादर (पश्चिम), मुंबई