नामिबियातून दादाला

विंडहुक, नामिबिया
१९ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू म्हणालास, "फोटो बास झाले, नीट लिही, आईला वाचून दाखवता येतं." म्हणून बसलोय. टूरवरून काल संध्याकाळी परतलो. दोनदा झटकले तरी बुटातून अजून वाळू निघतेय.

दहा दिवस, एक उंच गाडी, गाईड धरून आठ जण. त्यात दोन डच आज्ज्या. दोघी सत्तरीच्या पुढच्या, पण पहाटे पाचला दुर्बीण गळ्यात अडकवून दारात तयार. बाकीच्यांना सिंह बघायचा होता, ह्यांना एक चंडोल. त्या चंडोलाचं सांगतोच, पण आधी गाईड.

पन्नाशीचा असेल. दामारा समाजाचा. त्यांच्या बोलीत बोलता बोलताच टाळूला जीभ लावून टक् असा आवाज काढतात, आपण बैल हाकताना काढतो अगदी तसा. मी काढून दाखवला तर विचारतो, "तुमच्याकडे ह्याचा अर्थ काय?" म्हटलं, "चल पुढे." हसून हसून त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मग रोज सकाळी गाडी सुरू करताना माझ्याकडे बघून टक् टक् करायचा.

पहिल्याच दिवशी खडीच्या रस्त्याला लागलो आणि एका बाभळीवर मला गवताची गंज दिसली. म्हटलं, कडबा झाडावर कोणी रचला? तर ते घरटं! इथली सुगरण आपल्यासारखी एकेकटी बाटली विणत नाही, सगळ्या मिळून चाळ बांधतात. एका चाळीत शंभरावर जोड्या. दारं सगळी खालून. पिढ्यान्‌पिढ्या त्यातच भर घालत राहतात, शेवटी ओझ्याने फांदी मोडते. टेलिफोनच्या खांबांवरही तेच. रात्री गारठा पडला की मधल्या खोल्या ऊबदार राहतात. आणि ह्याच चाळीत एखादी खोली मुठीएवढ्या ससाण्याने बळकावलेली असते. भाडं देत नाही, असं गाईड म्हणाला.

सोसुसव्ले म्हणजे लाल वाळूच्या टेकड्या, तू फोटोत बघितल्यास. एकेक तीनशे मीटरच्या वर. मधल्या पांढऱ्या तळात सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळलेली झाडं तशीच उभी आहेत, कुजायला पाणीच नाही. तिथे सगळं जग फोटो काढतं, आम्हीही काढले. पण माझ्या लक्षात राहिला तो चंडोल. हा पक्षी नामिबिया सोडून जगात कुठेच नाही, म्हणून त्या आज्ज्या एवढ्या लांब आलेल्या. गाईडने पहाटे आम्हाला एका ओळीत, त्याच्या मागे चालायला लावलं. वाळूवर किड्यांच्या टाचणीने टोचल्यासारख्या रांगा, सरड्याच्या शेपटीची रेघ, आणि एका गवताच्या झुपक्यापासून दुसऱ्यापर्यंत पाखराची पावलं. ती कडेने ढासळलेली असली तर शिळी, कडा धारदार असली तर आत्ताची. तासभर नुसतं वाकून चाललो. मग तो थांबला, बोटही दाखवलं नाही, हनुवटीने खूण केली. वीस पावलांवर वाळूच्याच रंगाचं चिमणीएवढं पाखरू झुपक्याच्या बुडाशी टोच मारत होतं. आपल्या माळावरचा चंडोल परवडला, त्याला निदान तुरा तरी असतो. पण एक आजी रडायला लागली रे. मी दुसरीकडे बघितलं.

तिथून मकरवृत्ताची पाटी ओलांडून समुद्रावर, वॉल्विस बेला. सकाळी दहापर्यंत धुकं आणि स्वेटर घालावा अशी थंडी. समुद्रातला प्रवाह गार, म्हणून पाऊस नाही, नुसतं धुकं. वाळवंटातले किडे तेच धुकं अंगावर घेऊन पितात: डोकं खाली, ढुंगण वर करून उभे राहतात आणि पाठीवरून थेंब घरंगळत तोंडात येतो.

आता तुझ्या कामाचं, तूही उजनी धरणावर होडीतून लोकांना पक्षी दाखवतोस म्हणून. तिथल्या खाडीत फ्लेमिंगो हजारोंनी. आपल्याकडे येतात ते मोठे, चोचीचं फक्त टोक काळं. इथे त्यांच्यात छोटेही मिसळलेले, चोच लांबून काळीच वाटेल इतकी गडद लाल. मोठा चिखल तुडवत गोल फिरतो आणि वर आलेले किडे-शिंपले खातो, छोटा पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून घेतो. एकाच पाण्यात दोघांची ताटं वेगळी.

आमच्यातला एक जण म्हणाला, "जरा जवळ जाऊ, उडाले की पंखांचा लाल रंग येईल फोटोत." तुला तर हे वाक्य पाठ असेल. गाईड ओरडला नाही. म्हणाला, "अजून भरती यायचीय. बसा." खुर्च्या मांडल्या, थर्मास उघडला. दीड तास बसलो. पाणी चढत गेलं तसे पक्षी एकेक पाऊल मागे सरत काठाकडे, म्हणजे आमच्याच दिशेने यायला लागले. शेवटी इतके जवळ की चोचीतून पाणी गाळल्याचा आवाज ऐकू यावा. उडाला एकही नाही. तो फोटोवाला गप्प.

मला बारावीची सुट्टी आठवली. पुण्याच्या पार्टीने दोनशे रुपये जास्तीचे देतो म्हटल्यावर मी होडी थव्यात घातली होती आणि काठावरून अण्णांनी बघितलं. हातातलं वल्हं काढून घेतलं आणि दोन दिवस बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. गाईडला हे सांगितलं तर त्याने फक्त विचारलं, "तुमचे वडील गाईड होते?" म्हटलं, नाही, चिलापी मासे धरायचे.

उजनीला भरती-ओहोटी नाही, मान्य. पण फेब्रुवारीनंतर पाणी रोज थोडं मागे सरतं, आणि उद्या उथळ कुठे होणार हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आधीच जाऊन इंजिन बंद करून बसलास तर? पार्टी कुरकुर करेल, करू दे. मी डिसेंबरात येताना तिकाटण्यावरचा टेलिस्कोप आणतो. महाग आहे, पण त्यातून एकदा पाखराचा डोळा दाखवलास की कोणी "उडवा" म्हणणार नाही. निदान कमी म्हणतील.

एटोशाचं किती लिहू? मिठाचं मैदान चार हजार आठशे चौरस किलोमीटरचं, हत्तीसुद्धा त्या धुळीने पांढरेफटक. सिंह झोपलेला दिसला. चित्ता दिसला नाही, कूनोला आले त्यातले आठ नामिबियातूनच गेले म्हणून आईला सांग. पण रस्त्याच्या कडेने कोरी चालत गेला तेव्हा मी गाडी थांबवायला लावली. हा माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ, तीच ऐट, तीच उंच मान. अण्णांनी आपल्याला नान्नजला नेलं होतं, दिवसभर उन्हात बसून काहीच दिसलं नव्हतं, आणि परतताना ते म्हणाले होते, "आहे तो, आपल्याला दिसला नाही एवढंच." इथे एका सकाळी नऊ मोजले. आनंद झाला आणि चिडचिडही.

पाणवठ्यावर सकाळी नऊच्या सुमाराला पखुर्ड्यांचा थवा उतरला. बाकीच्या पिऊन उडाल्या, नर मात्र पाण्यात बसून पोट डावीकडे-उजवीकडे घुसळत राहिले. पोटाची पिसं स्पंजासारखी भिजवून कोस-कोस उडत जायचं, आणि पिल्लांनी ती पिसं चोखून पाणी प्यायचं. एका नराकडे मी दुर्बिणीतून बघत होतो. आकाशात शिकरा की काय आला, हा दचकून उडाला, पाणी सांडलं. पुन्हा आला. पुन्हा बसला.

एक राहिलं. अष्टमीला, अण्णांच्या तिथीला, आम्ही एटोशाच्या वाटेवर होतो. प्राण्या-पाखरांना काही खाऊ घालायचं नाही, हा गाईडचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. एका आजीने चिमण्यांना पावाचा चुरा टाकला तर तिलाही बोलला होता. तरी एका गावात डिझेल भरायला थांबलो तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं: तिथी, घास, कावळा. तो थोडा वेळ टायर बघत राहिला. मग म्हणाला, "इथे अभयारण्य नाही. आणि मी बिल द्यायला आत चाललोय."

इथल्या कावळ्याची छाती पांढरी असते, बंडी घातल्यासारखी. डब्यात तळाला एक दशमी उरली होती, सहा दिवसांची, कडक झालेली. पंपाच्या भिंतीवर ठेवून मागे सरलो, हात जोडायच्या आत त्याने उचलली.

घरी कावळा शिवला का लवकर? की मागच्या वर्षीसारखा दुपारपर्यंत बसवलं सगळ्यांना? वहिनीला विचारून कळव. आणि मी हरणाचं मटण खाल्लं ते आईला वाचून दाखवू नकोस.

तुझा,
बाळ्या