आमटी बंद करण्याआधी त्या एन्झाइमबद्दलही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत युरिक अ‍ॅसिडवर पानभर लेख आला होता, त्यात डाळी बंद करा असं सांगितलं होतं. आमच्याकडे तो कापून फ्रिजवर चिकटवला गेला आणि सोमवारपासून आमटी बंद झाली, म्हणून हे पत्र. आमच्या ह्यांना गाऊट आहे, म्हणजे युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे दुखायचा आजार, मागच्या रिपोर्टात ८.२ आलं, पायाचा अंगठा रात्री असा ठणकतो की चादरीचं टोक लागलं तरी ओरडतात, तेव्हा युरिक अ‍ॅसिड साधी गोष्ट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण लेख वाचून असं वाटतं की प्युरिन, म्हणजे ज्याचं शेवटी युरिक अ‍ॅसिड होतं ते, ताटातून येणारं विष आहे, ताट बदललं की झालं काम. तसं नाहीये हो.

मी डॉक्टर नाही. तीसेक वर्षं एका रिसर्च लॅबमध्ये सेल कल्चरला, म्हणजे पेशी वाढवायच्या कामाला, टेक्निशियन होते, त्यामुळे या प्युरिनशी माझी जरा जुनी ओळख आहे. प्युरिन आपल्या डीएनएत आहे, आरएनएत आहे, पेशी ज्याच्यावर चालते त्या एटीपीतही आहे. रोज आपल्याच पेशी मरतात, आरएनए तुटत राहतो आणि त्यातून हायपोझॅन्थिन आणि ग्वानिन ही प्युरिनं सुटी होतात. रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडपैकी साधारण दोन तृतीयांश हे असं घरचंच असतं, बाहेरच्या खाण्यातून येतं ते उरलेलं. आणि हा सुटा झालेला सगळा माल शरीर फेकून देत नाही, बहुतेक परत वापरतं. का, तर नवीन प्युरिन सुरुवातीपासून बनवायला दहा पायऱ्या लागतात आणि त्यातल्या काही पायऱ्यांना एटीपीचा खर्च. आमची आजी जुन्या नऊवारीची गोधडी शिवायची तसं आहे हे, हाताशी धड कापड असताना नवीन विणायला कोण बसतं!

ही गोधडी शिवणारं एन्झाइम, म्हणजे पेशीतलं रासायनिक काम घडवून आणणारं प्रोटीन, ते एचजीपीआरटी. पूर्ण नाव हायपोझॅन्थिन ग्वानिन फॉस्फोरायबोसिल ट्रान्सफरेज, एका दमात म्हणून दाखवा. चार सारखे तुकडे एकत्र येऊन ते बनतं, एकेक तुकडा २१७ अमिनो अ‍ॅसिडचा, आणि चौघांची काम करायची खाच स्वतंत्र. त्या खाचेत आधी पीआरपीपी नावाची फॉस्फेटवाली साखर येऊन बसते, सोबत मॅग्नेशियम लागतंच, मग हायपोझॅन्थिन किंवा ग्वानिन आत येतं, वरून प्रोटीनचाच एक लवचिक पट्टा झाकणासारखा खाली येतो म्हणजे मधेच पाणी शिरून काम बिघडत नाही, साखर जोडली जाते, पायरोफॉस्फेट बाहेर पडतं आणि सगळ्यात शेवटी पेशीला पुन्हा वापरता येईल असं तयार प्युरिन, आयएमपी किंवा जीएमपी, निघतं. १९९४ मध्ये याची क्रिस्टल रचना आली त्यात दिसलं की १६५ नंबरचं अमिनो अ‍ॅसिड, लायसिन, प्युरिनच्या सहाव्या जागेवरच्या ऑक्सिजनला धरतं. हायपोझॅन्थिन आणि ग्वानिन दोघांकडे तिथे ऑक्सिजन आहे म्हणून दोघं चालतात, अ‍ॅडेनिनकडे नाही, त्याच्यासाठी वेगळं एन्झाइम आहे. एवढं चोखंदळ काम रोज बिनबोभाट चालू असतं आणि लेखात त्याचा साधा उल्लेख नाही!

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते. आमच्या लॅबमध्ये हायब्रिडोमा बनवायचो, म्हणजे उंदराच्या प्लीहेतल्या पेशी आणि कॅन्सरच्या मायलोमा पेशी एकमेकींत मिसळवायच्या. त्या मायलोमा पेशी मुद्दाम हे एन्झाइम नसलेल्याच घेतात. मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये हॅट मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं एक खास द्रावण, घालायचं, त्यातलं अमिनोप्टेरिन नावाचं औषध प्युरिन नव्याने बनवायचा रस्ता बंद करतं. आता जगायचं तर जुनं वापरूनच. पहिल्या आठवड्यात मायक्रोस्कोपखाली नुसता कचरा दिसतो, फुटलेल्या काळपट पेशी तरंगत असतात, नवीन आलेली मुलं हमखास घाबरून विचारायची मॅडम आपलं काही चुकलं का. आणि मग दहाव्या-बाराव्या दिवशी एखाद्या खळग्याच्या कडेला द्राक्षाच्या घोसासारखी गोल चमकदार वसाहत दिसते, ती जोडलेली पेशी, प्लीहेकडून एन्झाइम मिळालं म्हणून वाचलेली. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीत ज्या अ‍ॅन्टीबॉडी असतात त्या या पद्धतीने निघाल्या. कोहलर आणि मिलस्टाईन यांनी १९७५ मध्ये हे दाखवलं, १९८४ ला नोबेल मिळालं.

पण हेच एन्झाइम माणसाच्या बाळात नसेल तर? १९६४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये मायकेल लेश, जो तेव्हा विद्यार्थीच होता, आणि विल्यम नायहन यांनी दोन भावांची केस लिहिली. १९६७ मध्ये सीगमिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं की या मुलांत एचजीपीआरटीच काम करत नाही. जीन एक्स क्रोमोसोमवर असल्याने त्रास जवळपास फक्त मुलग्यांना, आई बहुतेक वेळा ठणठणीत. जुनं वापरलं जात नाही, पीआरपीपी पडून राहतं, त्यामुळे नवीन प्युरिन आणखी जोरात बनतं आणि सगळं युरिक अ‍ॅसिड होऊन बाहेर येतं. मूल मान धरायला उशीर करतं, हातपाय वेडेवाकडे पिळले जातात आणि नंतर ते स्वतःचे ओठ, बोटं चावायला लागतं. त्याला दुखतं, सगळं कळतं, तरी थांबवता येत नाही, काही मुलं तर हात बांधून ठेवा असं स्वतःच म्हणतात. खूप दुर्मीळ आजार आहे, पण अशा घरात जाऊन कोण सांगणार की डाळ बंद करा?

आमच्या ह्यांना जी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी चालू आहे ती हायपोझॅन्थिनचं युरिक अ‍ॅसिड होणं अडवते, मग वाचलेला माल या एन्झाइमकडे जातो. एन्झाइमच नसेल तर त्याच गोळीने युरिक अ‍ॅसिड उतरतं, किडनी वाचते, पण चावणं थांबत नाही.

राहिली डाळ. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांवर बारा वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २००४ मध्ये आला होता, त्यात मटण आणि मासळीने गाऊट वाढला, डाळी-पालकासारख्या प्युरिनवाल्या शाकाहाराने नाही. कलेजी आणि बिअरबद्दल तुमच्या लेखात लिहिलंय ते बरोबरच आहे, ते मी फ्रिजवर ठेवलंय, वरचा डाळीचा भाग कात्रीने काढला. आमटी काल पुन्हा झाली.

एक विनंती मात्र आहे. बाळाच्या लंगोटात पहिल्या दोन-चार दिवसांत केशरी डाग दिसला तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. पण तशी केशरी वाळू पुढे महिनोन्‌महिने येत राहिली आणि मुलगा मान धरत नसेल, तर डॉक्टरांना युरिक अ‍ॅसिड तपासायला सांगा. जागा कमी पडली तर माझं लॅबचं पुराण खुशाल कापा, पण ही केशरी डागाची दोन वाक्यं तेवढी छापा.

– तुमची एक जुनी वाचक, ठाणे