साउंडवाले काका, हे तुमच्यासाठी

काका,

२०१४च्या गणपतीत कोथरूडमधल्या एका मंडळाच्या मांडवात तुम्ही मिक्सरवर बसला होतात. मी लातूरहून शिकायला आलेली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलगी. तुम्हाला आठवणार नाही. मी मात्र ती रात्र विसरलेली नाही.

सात वाजता बोलावून मला साडेनऊपर्यंत मांडवामागे उभं ठेवलं होतं. पत्रिकेत नाव नव्हतं, नुसतं ‘नवोदित गायिका’. वर ताकीद, “स्वतःचं काही नको, लोकांना माहीत असलेलं म्हणा.” हे नवीन नव्हतं. आधीच्या दोन वर्षांत एका कॅफेने दोन तासांच्या गाण्यांबद्दल कोल्ड कॉफी पाजून बोळवण केली होती, एका स्पर्धेत तर परीक्षकच दुसऱ्या कडव्याला फोनवर बोलत बाहेर गेले. त्याचा राग अजून आहे, आणि तो जाईल असं वाटत नाही.

दहाला माईक बंद करायचे होते. एवढ्या घाईत एक ‘हॅलो, चेक’ झालं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. तुम्ही पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडलात, मिक्सरवर माझ्या माईकचा आवाज कमी-जास्त करायच्या फेडरखाली लावलात, खिशातलं पेन काढलंत.

“नाव काय बाळ?”

मी सांगितलं.

“पहिली वेलांटी की दुसरी?”

काका, पुण्यात आल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. दुसरी, म्हणताना माझा आवाज फुटला. तुम्ही मान वर न करता सावकाश, अक्षर काढून नाव लिहिलंत.

मग एक कडवं म्हणायला लावलंत आणि इको पार काढून टाकलात. “गाणं तुझंच दिसतंय. मग शब्द पोचले पाहिजेत.” कार्यकर्ता काही सांगायला आला, त्याला तुम्ही हातानेच थांबवलंत. त्या रात्री मी माझीच तीन गाणी म्हटली.

काल सुदर्शन रंगमंचावर माझ्या गाण्यांचा पहिला तिकीट लावलेला कार्यक्रम झाला. एकही जागा रिकामी नव्हती. दारातल्या फलकावर मी आधी वेलांटी पाहिली आणि तिथेच रडू आलं.

ज्या शहरात १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला, तिथे गायकांविषयी माणसं तासन्‌तास बोलतात. समोरचा मोठा की नवखा हे न पाहता प्रत्येकाचा आवाज तितक्याच मनापासून लावून देणाऱ्यांविषयीही बोलावं. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्या मुली गावी परत जात नाहीत.

मंडळात चौकशी केली, तुमचा पत्ता कोणाकडे नाही. आणि मी त्या रात्री तुमचं नावसुद्धा विचारलं नाही, याची मला फार लाज वाटते. ती पट्टी तुम्ही जाताना मला दिली होतीत. गिटारच्या पेटीत झाकणाला आतून लावली आहे.

कुठे दिसले तर हाक मारा. माझं नाव तुम्हाला लिहिता येतं.